घरगाडी कोलाऱ्याला नेताना : एका मुक्कामाचं प्रकरण

दिवाळीत दादाचा पुण्याहून फोन आला. गाडी तयार झाली, मे महिन्यात ताडोबा करायचा, रिसॉर्ट घ्यायचं नाही, सगळ्यांनी गाडीतच राहायचं, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता. बाबा कापूस वेचणीचा हिशेब वहीत लिहीत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "रात्री गाडी उभी कुठी करशीन?"

"तिथे गेल्यावर बघू ना बाबा. एवढं मोठं जंगल आहे, जागेला काय तोटा?"

त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्षात यायला आम्हाला साडेचार महिने लागले. तोवर महिना बदलला, वार बदलला, गेट बदललं, गाडीचे कागदही बदलले. आता आमच्याकडेही अशा गाड्या दिसू लागल्या आहेत आणि हिंगणघाट-वर्ध्याकडचे ओळखीचे लोक दुकानात येऊन विचारतात, म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो. माझं मत आधीच सांगतो. घरगाडी घेऊन जंगलाकडे जाणाऱ्यानं रात्रीची जागा आधी पक्की करावी, सफारीचं बुकिंग त्यानंतर. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

माणसं आणि गाडी

आम्ही सात जण. सत्तरीला आलेले आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, आणि मी. माझं गावात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, स्टार्टर, पंखे, घराची फिटिंग हे माझं रोजचं काम, त्यामुळे गाडीच्या विजेची बाजू आपोआप माझ्याकडे आली.

गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलरची जुनी व्हॅन, पुण्यातल्या एका कारखान्यातून आतून बदलून घेतलेली. मागे दोन पलंग, बाक उघडला की तिसरा, छोटा ओटा, फ्रीज, १२० लिटरची पाण्याची टाकी, कॅसेट संडास म्हणजे खालची पेटी काढून रिकामी करायचा संडास, टपावर सोलरची दोन पॅनल आणि एक टनाचा एसी. लांबी जवळपास २० फूट, टपावरच्या एसीसकट उंची पावणेदहा फूट. ती उंची पुढे कामी आली.

पहिला अडथळा कागदांचा निघाला. डिसेंबरमध्ये दादा गाडी घेऊन गावी आला तेव्हा मी सहज आरसी बघितली. त्यावर गाडीचा प्रकार अजून मालवाहूच होता. कारखान्यानं पलंग बसवले, ओटा बसवला, पैसे घेतले, आणि "कागदांचं तुम्ही बघून घ्या" म्हणून मोकळा झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल केला की तो आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढवावा लागतो. मालवाहू गाडीत मागे माणसं बसवून नेणं हा गुन्हा तर आहेच, पण मला त्याहून मोठी भीती विम्याची वाटली. रस्त्यात काही झालं असतं तर विमा कंपनीनं पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवलं असतं. दादा आधी चिडला, मग परत गेला आणि दीड महिना खेटे घालून त्यानं कागद सरळ करून आणले. नव्या नोंदीत चालक धरून सहा जागा मिळाल्या, पट्ट्यासकट. आम्ही सात. "पोरगं मांडीवर बसेल" ही आपल्याकडची सवय मी चालू दिली नाही. मी मोटरसायकलनं पुढे जायचं ठरलं, आणि वाटेत त्याचा फायदाच झाला.

"एवढं मोठं जंगल" म्हणजे काय

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली जाहीर झालं तेव्हा ११६.५५ चौरस किलोमीटरचं होतं. १९८६मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं, त्याला नाव मिळालं अंधारी नदीवरून. या दोन्हींचा मिळून आजच्या व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बनतो, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. त्यालाच सगळे कोअर म्हणतात. त्याच्याभोवती साधारण अकराशे चौरस किलोमीटरचं बफर. दादाच्या डोक्यात बफर म्हणजे मोकळं रान होतं, कुठेही गाडी लावा आणि खुर्च्या टाकून बसा. खरं तर बफरमध्ये गावं आहेत, धानाची बांधी आहे, शाळा आहेत, गाई-म्हशी चरतात. आणि वाघही आहेत. कोअरमध्ये वाढलेला तरणा वाघ स्वतःची जागा शोधायला याच भागात उतरतो.

कोअरमध्ये खासगी गाडीनं सफारीला जाताच येत नाही. गेटवरची जिप्सी, तिचा चालक, सोबत स्थानिक गाइड, आणि ठरलेल्या वेळात आत-बाहेर. मुक्काम तर नाहीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवानगीशिवाय प्रवेशालाही मनाई आहे आणि आग लावायलाही. बफरमधल्या वनजमिनीवरही मनात आलं तिथे तंबू ठोकता येत नाही. उरते ती लोकांची स्वतःची जमीन, म्हणजे घर, अंगण, शेत, रिसॉर्ट किंवा होमस्टे. राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशा घरगाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना मांडली आहे आणि ती चांगली आहे. पण आमच्या वाटेवर तयार पार्क आम्हाला मिळालं नाही. म्हणजे दादाच्या "जागाच जागा"मधून आमच्या वाट्याला काय आलं? कुणाचं तरी अंगण. तेही तो माणूस हो म्हणाला तर.

हे सगळं कळायच्या आधीच दादानं सफारी बघून ठेवली होती. मंगळवारची. मधल्या वारी गर्दी कमी आणि शनिवार-रविवारपेक्षा दरही कमी, हा त्याचा हिशेब बरोबर होता. पण मंगळवारी कोअर बंद असतं. तसंच १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यातही कोअर बंद असतं. पैसे भरायच्या आधी वहिनीच्या लक्षात आलं म्हणून बरं. जिप्सीत बसतात सहा पर्यटक. इथेही मी सातवा.

मे महिना का सोडला

दादाचा मे महिन्याचा हट्ट उगाच नव्हता. उन्हाळ्यात पानझड झालेली असते, लांबवर दिसतं, नाले आटतात आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त. पण मेमधलं चंद्रपूर म्हणजे ४५-४६ अंश ही नेहमीची गोष्ट, आणि आम्ही त्या उन्हात पत्र्याच्या डब्यात झोपणार होतो. दादा म्हणाला, एसी आहे ना. मग मी वही काढली.

गाडीत १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. कागदावर ३६०० वॉट-तास. या साध्या लेड-अॅसिड बॅटऱ्या अर्ध्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात, म्हणून हाताशी धरायचे १८००. एक टनाचा एसी चालताना हजार-बाराशे वॉट ओढतो, वरून इन्व्हर्टरचं नुकसान. म्हणजे बॅटरीवर एसी जेमतेम दीड तास. रात्र आठ-नऊ तासांची. याउलट कमी वीज खाणारे, २८ वॉटचे दोन बीएलडीसी पंखे रात्रभर चालले तरी पाचशे वॉट-तासांत भागतं, फ्रीज दिवसभराचे पाचशे खातो, दिवे किरकोळ. पंख्यावर राहायचं तर बॅटरी पुरते, एसीवर राहायचं तर बाहेरची लाइन लागतेच.

"सोलर आहे ना वर," दादा म्हणाला. सोलर आहे, पण सोलरला ऊन लागतं आणि गाडीला सावली. चिंचेखाली लावली तर माणसं निवतील आणि पॅनल झोपेल. उघड्यावर लावली तर पॅनल भरेल आणि संध्याकाळी सहालाही आत पाय ठेववणार नाही. इंजिन चालू ठेवून एसी लावायची सूचनाही आली. झोपलेल्या माणसांजवळ रात्रभर इंजिन चालवायचं नाही, धुराचा वायू वासाशिवाय माणूस मारतो. हे मी एवढ्या ठासून सांगितलं की पुन्हा तो विषय निघाला नाही.

शेवटी मार्चचा शेवटचा आठवडा धरला. पुण्यात मुलांची सीबीएसईची शाळा, परीक्षा मार्चमध्ये संपते आणि नवं सत्र एप्रिलमध्ये लागतं. आमच्या घरीही तोवर गहू-हरभरा आत आलेला असतो. दिवसा ३९-४० अंश, रात्री विशीच्या थोडं वर. पंख्यावर झोपता येईल असं हवामान. बुधवारी पोचायचं, गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी सकाळी सफारी, शुक्रवारी दुपारी परत.

दहा फुटांचा बांबू

जानेवारीत मी एकटा मोटरसायकलनं जाऊन आलो. आधी मोहर्ली, मग वरोऱ्याहून त्याच तालुक्यातल्या शेगाव मार्गे चिमूर आणि पुढे कोलारा. मोहर्ली आणि कोलारा, दोन्हीकडे ताडोबात शिरायची गेटं आहेत. मोहर्लीकडे राहायच्या सोयी भरपूर आहेत, पण आम्हाला खोली नको होती, आम्हाला गाडी मावेल असं अंगण हवं होतं. कोलाऱ्याच्या अलीकडच्या एका गावात ते मिळालं. चार एकर धानाची शेती, घरामागे मोठं खळं, दोन खोल्यांचा होमस्टे. घरमालकांना आम्ही भाऊ म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला ताई. भाऊंनी गाडीचा फोटो बघितला आणि म्हणाले, "लावा ना जी, जागा पडूनच हाये." ताई मात्र लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. पाणी किती लागंल? संडासाचं काय करान? अन् लाइट?

माझ्या मते घरगाडीच्या नियोजनात याच्यापेक्षा नेमके प्रश्न कुणी विचारलेले नाहीत. कारखान्यात विचारले नव्हते, दादानं नाही, मीही नाही.

पाण्याचं आम्ही असं ठरवलं की टाकी घरून भरून आणायची. मार्च संपता संपता त्यांच्या विहिरीचं पाणी तळाला जातं, आणि सात पाहुण्यांच्या आंघोळी त्या विहिरीवर टाकणं बरोबर नाही. १२० लिटरची टाकी, वर २० लिटरचे चार कॅन. भांडी पुसून मग धुवायची, आंघोळ बादलीत मोजून. टाकी भरली की गाडीवर सव्वाशे किलो वजन चढतं, तेही हिशेबात धरलं.

कॅसेट संडासाची पेटी वीस लिटरची. सात माणसांना दीड दिवससुद्धा पुरत नाही. ती नाल्यात किंवा शेताच्या धुऱ्यावर ओतणारे लोक असतात. ताईंनी असं एकदा पाहिलं होतं, त्यांच्या प्रश्नामागे तेच होतं. आम्ही ठरवलं की गाडीतला संडास फक्त रात्री वापरायचा आणि सकाळी पेटी त्यांच्या संडासात रिकामी करायची. पेटीत टाकायचं ते निळं औषध आणायचं नाही असंही मी दादाला सांगितलं. त्यानं सेप्टिक टँकमधले जंतू मरतात आणि मग टाकी लवकर तुंबते. तिचा त्रास पाहुणे गेल्यावर घरच्यांना. साबणाचं पाणी विहिरीपासून लांब, केळीच्या आळ्यात.

रात्री संडास गाडीतलाच का, ते भाऊंनी सांगितलं. त्यांचा संडास घरापासून पंधरा-वीस पावलं लांब, परसात. "अंधार पडला का आमी पोराईले एकटं नाही पाठवत. बॅटरी घेऊन दोघं जातो, खाकरत."

मग रस्ता. मुख्य रस्त्यावरून खळ्यापर्यंत दोनशे मीटरची गल्ली. भाऊंनी गोठ्यामागून एक बांबू काढला, आम्ही त्यावर दहा फुटांवर कोळशानं खूण केली आणि तो उभा धरून गल्लीतून चालत गेलो. खांबावरून घरात जाणाऱ्या दोन सर्व्हिस वायर खुणेच्या खाली लोंबत होत्या. गाडी तशीच आली असती तर टपावरचा एसी वायरीत अडकला असता, आणि पुढे काय झालं असतं ते माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. भाऊंनी लाइनमनला सांगून त्या खेचून वर घेतल्या. चिंचेची एक फांदी छाटली. खळ्यात गाडी उभी करायची जागा आम्ही पावलांनी मोजली आणि सेप्टिक टँकची फरशी कुठे आहे ते विचारून घेतलं. तीन टनांवरची गाडी त्या फरशीवर गेली तर खाली गेलीच म्हणून समजा.

रात्रीचे हजार रुपये जागेचे, जेवणाचे वेगळे, विजेचे युनिट मीटर लावून. निघण्याआधी आम्ही पोलीस पाटलांच्या आणि वनरक्षकांच्या कानावर घातलं, अमुक तारखेला अशी गाडी येणार आहे. पोलीस पाटलांनी एवढंच सांगितलं, की शेकोटी नाही आणि अंधारात फिरणं नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम असतो, एक ठिणगी पुरते.

त्याच रात्री दादाला फोन करून मी सांगितलं, आता काढ बुकिंग. कोलारा गेट, सहा नावं, आधार कार्डावर आहेत तशीच. गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं.

मुक्काम

बुधवारी ऊन उतरायच्या आत पोचलो. मी मोटरसायकलवर पुढे, गाडी मागे. चिमूरच्या पुढे मोहाची झाडं लागली. पानं नाहीत, फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस, आणि सगळीकडे तो गोड, थोडा आंबूस वास. धाकट्या पुतण्यानं खिडकीतून विचारलं, काय शिजतंय?

गल्लीत दादानं वेग माणसाच्या चालीवर आणला आणि भाऊ बांबू घेऊन पुढे चालले. गाडी खळ्यात लागली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. बायका वहिनीला म्हणाल्या, "चूल दाखवा ना जी." वहिनीनं एकेकीला आत नेलं.

जेवण ताईंकडे, पाटोड्यांचा रस्सा, भात आणि तव्यावरची भाकर. जेवण झाल्यावर बाबा उठले, ओसरीवरची बाज उचलली आणि खळ्यात आणून टाकली. आमच्याकडे होळी झाली की घरात कुणी झोपत नाही. बाबांनी आयुष्यभर उन्हाळ्याच्या रात्री आभाळाखाली काढल्या आहेत. ताई पदर सावरत धावत आल्या. "आबाजी, अंगनात खाट नोका टाकू जी. इकडे तसं नाही चालत."

बाबा म्हणाले, "कुत्रे आहेत ना राखणीले."

"कुत्र्यासाठीच येते ना जी बिबट."

बाबा काही बोलले नाहीत. बाज पुन्हा ओसरीवर गेली, जाळीच्या आत, आणि बाबा तिथेच झोपले. गाडीत नाही. ज्या गाडीसाठी एवढा खटाटोप, तिच्यात ते एकही रात्र झोपले नाहीत, "मले कोंडल्यासारखं होते" म्हणाले. दादाला वाईट वाटलं हे मला दिसलं. पण मला त्या रात्री दुसरीच गोष्ट जास्त लागली. उन्हाळ्यात अंगणात झोपणं हे आमच्या गावात कुणी सुख म्हणूनही मोजत नाही. या गावानं ते सोडून दिलं आहे, आणि त्याच जनावरांसाठी आम्ही पैसे भरून आलो होतो.

पहाटे बायका मोहफुलं वेचायला निघाल्या. उजाडल्याशिवाय नाही, चार-पाच जणी मिळून, एकमेकींना हाका मारत. मोठ्या पुतणीनं ताईंना विचारलं, मी येऊ? ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाही बाई. वाकून येचत बसलं का मानूस जनावरावानी दिसते त्याले." मोहाच्या आणि त्यानंतर तेंदूपानाच्या हंगामात या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या वाढतात, त्या आम्ही दरवर्षी पेपरात वाचतो. वाचणं वेगळं आणि टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघणं वेगळं.

त्याच सकाळी सफारी होती. सहा जागा, पण आईच्या कमरेला उघड्या जिप्सीचे धक्के झेपणारे नव्हते. ऐनवेळी नाव बदलता येत नाही, म्हणून तिची जागा रिकामीच गेली. आईची एकच इच्छा होती, ताडोबा तळ्याच्या काठावर तारूचं ठाणं आहे त्याला हात जोडायचे. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख तारू आदिवासींचा देव झाला आणि त्याच्यावरून तळ्याला आणि जंगलाला नाव पडलं, अशी ती कथा. तिनं बाबांना सांगितलं, माझा नमस्कार तिथे सांगा. मग मी आईला भाऊंच्या गाडीतून गोंदोड्याला नेलं, तुकडोजी महाराजांच्या तपोभूमीवर. परतताना चिमूरला थांबलो. १९४२च्या ऑगस्टमध्ये इथल्या लोकांनी इंग्रजी सत्तेशी कशी टक्कर दिली ते आईनं तिच्या वडिलांकडून ऐकलेलं होतं, तेवढं सगळं तिनं मला पुन्हा सांगितलं. तिची ती सकाळ कुठल्याही सफारीइतकी भरली, असं मला वाटतं.

सफारीवाले दहानंतर परतले. फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे दाखवायला फोटो नव्हते आणि सगळं तोंडानं सांगावं लागलं. मुलं एकमेकांना अडवत सांगत होती. वाघ नाही, पण रानकुत्र्यांची टोळी, रस्ता अडवून उभा राहिलेला गवा, आणि एक अस्वल. शुक्रवारी वाघीण दिसली, पाणवठ्यात मागचा भाग बुडवून बसलेली. बाबांच्या तोंडून परतीच्या वाटेत एवढंच निघालं, "लय शांत बसली होती."

मुंग्या

आता माझी चूक, आणि ती साधी नाही.

गुरुवारी दुपारी गाडी तापली म्हणून आम्ही बाहेरची लाइन जोडून एसी लावला. वायर मी घरून आणली होती, अडीच एमएमची, सोळा अँपिअरच्या प्लग-टॉपसह. घरातली बारीक एक्स्टेंशन अशा लोडवर तापते. एसी आणि इंडक्शन एकदम चालवायचं नाही हेही सगळ्यांना सांगितलं होतं. मीटर लावला, एमसीबी लावला. सगळं नीट होतं. वहिनीनं केळीच्या आळ्यात पाणी टाकलं, त्यातलं थोडं दाराशी सांडलं. आई अनवाणी आली, ओल्या मातीत उभी राहिली, दाराची मूठ धरली आणि हात झटकन मागे घेतला.

"बाळा, मुंग्या आल्यावानी झालं हाताले."

मी टेस्टर लावला. गाडीच्या पत्र्यावर दिवा मिणमिणत होता.

कारण मला तिथेच कळलं. गाडीच्या चार्जरमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये फिल्टर असतात, त्यांची किंचित गळती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवी. ताईंच्या घरी बोर्डाला तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. गाडी रबराच्या टायरांवर उभी, त्यामुळे ती गळती सगळ्या बॉडीवर साचून राहिली आणि आईच्या ओल्या पायांतून वाट काढून गेली. करंट थोडाच होता. पण एसीच्या आत एखादी वायर सोललेली असती तर तोच मार्ग, आणि करंट थोडा नसता. जानेवारीत मी वायरी बांबूनं मोजल्या, सेप्टिक टँक विचारली, आणि बोर्डात टेस्ट लॅम्प लावून बघितला नाही. वीस वर्षं हेच काम करणारा माणूस मी.

लाइन काढली. चिमूरहून चार फुटांची सळई आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, आणला, संध्याकाळी सळई जमिनीत ठोकली, आळं करून दोन बादल्या पाणी ओतलं, तीही आमच्या कॅनमधली. आमच्याकडे काळी माती आहे, ती ओल धरते आणि अर्थिंग सहज लागतं. तिथे खाली मुरूम, मार्चमध्ये कोरडा ठणठणीत. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघितला, तो अर्धाच पेटला. मी एसी लावू दिला नाही. ती रात्र सगळ्यांनी बॅटरीवर, पंख्यात काढली, आणि वही म्हणत होती तसंच सकाळी बॅटरी अर्ध्याच्या वर होती.

निघताना मीटरवर युनिट फारसे पडले नव्हते. ताई पैसे घेईनात, मग आईनं त्यांच्या मुलीच्या हातात दिले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच परत गेलो, मोटरसायकलच्या मागे आठ फुटांचा जीआय पाइप बांधून. भाऊ आणि मी सकाळी सहाला खड्डा काढायला लागलो. चार फुटांवर मुरूम लागला, तो पहारीनं फोडत दहा वाजेपर्यंत खाली गेलो. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर तोटीचं नरसाळं बसवलं आणि तिथून घरातल्या प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली. ताईंनी विचारलं, याले पानी किती लागंल? मी म्हटलं, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली. त्या म्हणाल्या, मग भांड्याचं टाकीन.

दुपारी शंभरचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावला. पूर्ण पेटला.